कॉम्प्युटरचं पाणी

बाबांच्या उजव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते, डाव्या डोळ्याचं अजून व्हायचं होतं आणि त्यानंही धूसरच दिसायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं की महिनाभर वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही. बाबा काळा चष्मा लावून समोरच्या खोलीत लाकडी खुर्चीवर ताठ बसून असायचे आणि त्यांना त्याचा भयंकर कंटाळा आला होता. त्याच आठवड्यात माझ्या कॉम्प्युटरचं पाणी पांढरं पडायला लागलं.

कॉम्प्युटरचं पाणी असं म्हटलं की ऐकणारा अजूनही माझ्या तोंडाकडे बघत राहतो. तेव्हा ते आधी सांगते.

ही दोन हजारनंतरच्या पहिल्या पाच-सहा वर्षांतली गोष्ट. मध्य प्रदेशातल्या बालाघाटला आमच्या घराच्या समोरच्या खोलीत मी टायपिंग आणि छपाईचा मजकूर तयार करून द्यायचं काम करायचे. लग्नपत्रिका, शाळांचे पेपर, विहारातल्या कार्यक्रमांची निमंत्रणं, कोर्टात लावायचे अर्ज. माझं सगळं शिक्षण हिंदीतून झालेलं, मराठी घरात बोलायचो तेवढीच. पण भंडारा-गोंदियाकडे सोयरीक असलेल्या घरांना पत्रिका मराठीतच हवी असायची, आणि गावात मराठी टाइप करून देणारे थोडेच होते. त्यामुळे माझं काम बरं चालायचं.

अडचण एकच होती, उन्हाळा. घरावर टिनाचे पत्रे. मे महिन्यात दुपारी त्या खोलीत टेबलाचा पत्रासुद्धा हाताला चटका द्यायचा. कॉम्प्युटरचा पंखा सकाळपासून घरघरत असायचा आणि दोन वाजले की मशीन आपोआप बंद पडायचं. अर्धी पत्रिका लिहून झालेली असायची, वर-वधूची नावं टाकून झालेली असायची, आणि एकदम पडदा काळा. कूलर लावून पाहिला. त्यानं खोली थोडी निवायची, पण कागद ओलसर होऊन प्रिंटरमध्ये अडकायचे. शेवटी मी दुपारचं काम सोडून दिलं होतं.

बाबा भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीतून पंप फिटर म्हणून रिटायर झालेले. खाण खोल गेली की तिच्यात पाणी साचतं. ते उपसणाऱ्या पंपांवर त्यांची तीस वर्षं गेली होती. कॉम्प्युटरचं त्यांना काही कळत नव्हतं आणि ते तसं सांगायचेही. पण मार्चमधल्या एका दुपारी मशीन पुन्हा बंद पडलं तेव्हा त्यांनी मला कॅबिनेट उघडायला लावलं, प्रोसेसरवरच्या धातूच्या पट्ट्यांना बोट लावून पाहिलं, चटकन मागे घेतलं आणि म्हणाले, “इतक्या गरम जागी हवा काय करन? इथं पाणी पाहिजे.”

मला हसू आलं. कॉम्प्युटरमध्ये पाणी गेलं तर तो जळतो, हे मी लोकांना सांगत असायचे. बाबांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, गाडीच्या इंजिनातही पाणी फिरतं, ते सिलिंडरमध्ये जाते काय?

पुढचे दीड-दोन महिने ते त्याच्या मागे लागले. भंगारवाल्याकडून तांब्याचा जाड तुकडा आणला, विजेच्या मोठ्या पॅनलमध्ये असतो तसला. ओळखीच्या लेथवाल्याकडे उभं राहून त्यात पाणी फिरेल अशी नागमोडी खाच पाडून घेतली आणि वरून ॲक्रिलिकचं झाकण बसवलं. मधे सायकलच्या ट्यूबचं रबर. हा ठोकळा प्रोसेसरवर बसला. भंगारातल्याच एका मोटारीच्या हीटरची, आतून पाणी फिरतं अशी छोटी जाळी मिळाली, ती कॅबिनेटच्या मागे पंख्यासमोर लावली. पाणी ढकलायला कूलरचा लहान पंप, आईकडून मागून घेतलेल्या प्लॅस्टिकच्या मोठ्या बरणीत बुडवलेला. आणि या सगळ्यांना जोडायला गवंडी लेव्हल बघतात ती पारदर्शक नळी. पाणी म्हणजे बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, त्यात थोडं गाडीचं हिरवं कूलंट. हे सगळं त्यांनी आधी दोन दिवस बाहेरच, जमिनीवर पेपर पसरून चालवून पाहिलं. पेपरावर एक थेंब पडला नाही, तेव्हाच कॉम्प्युटरला हात लावला.

आणि ते चाललं. त्या वर्षी मी मे महिन्यात दुपारी तीन वाजता पत्रिका केल्या. बरणी स्टुलावर, तिच्यातून हिरवं पाणी नळीत चढायचं, कॅबिनेटमध्ये जायचं, मागून परत यायचं. लग्नपत्रिका द्यायला आलेली माणसं मजकूर विसरून ते बघत उभी राहायची. कुणी विचारलं तर बाबा खाणीतला पंप समजावून सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, तोच हा, फक्त लहान.

अशी तीन वर्षं गेली. मग त्या हिवाळ्यात पाण्याचा हिरवा रंग फिका झाला, नळीच्या वळणांवर पांढरी साय दिसायला लागली आणि पंपाचा आवाज बदलला. पूर्वी तो गुणगुणल्यासारखा यायचा, आता मधेच गुरगुरायचा. मी बाबांना सांगितलं. ते खुर्चीवर बसल्या बसल्या बराच वेळ कान देऊन राहिले आणि म्हणाले की कुठेतरी कोंडतंय, सगळं खोलून साफ करावं लागेल.

मी म्हटलं, तुमचा डोळा बरा होऊ द्या, मग बघू. तोपर्यंत कमी चालवते.

“तोवर पंप जाईल,” ते म्हणाले. “तू खोल. मी सांगतो.”

मी त्या मशीनवर रोज आठ-दहा तास बसायचे, पण त्याच्या पोटात स्क्रूड्रायव्हर कधी घातला नव्हता. सगळं बाबांनीच केलेलं. शिवाय एका शाळेच्या सहामाही परीक्षेचे पेपर त्यातच होते. निम्मे झालेले, निम्मे व्हायचे, आणि ते मला बुधवारी द्यायचे होते. मी ते फ्लॉपींवर उतरवून घेतले, पण फ्लॉपीचा भरवसा तेव्हाही कुणाला नव्हता. दोन दिवस मी चालढकल केली. शनिवारी संध्याकाळी पंप दोनदा अडखळला, तेव्हा रविवारी सकाळी करायचं ठरलं.

रविवारी चहा झाल्यावर बाबा खुर्ची सरकवून टेबलाजवळ बसले. आईनं जुनी लुगडी, दोन टॉवेल, टब आणि बादली आणून ठेवली. बाबांनी पहिल्यांदा मला कॉम्प्युटर सुरू करायला सांगितला. मला वाटलं, त्यांना काही ऐकायचंय. ते म्हणाले की उष्णता नीट पोचावी म्हणून ठोकळ्याखाली पांढरी पेस्ट लावलेली आहे, ती थंडीत दगडासारखी धरून बसते. दहा मिनिटं चालव, कोमट होऊ दे, मग सुटेल.

दहा मिनिटांनी मी मशीन रीतसर बंद केलं. भिंतीवरचं बटण बंद केलं आणि कॅबिनेटच्या स्क्रूकडे वळले.

“प्लग काढला?” बाबा म्हणाले.

मी म्हटलं, बटण बंद आहे.

“बटण नाई विचारून राह्यलो. प्लग.”

मी कॉम्प्युटरचा प्लग काढला. मग पंपाचा काढला. बाबांनी हात पुढे केला. मला आधी कळलंच नाही काय हवंय ते. मग दोन्ही वायरींची टोकं त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती मांडीवर घेतली आणि वर हात ठेवला. नंतर मला कॉम्प्युटरचं सुरू करायचं बटण एकदा दाबायला सांगितलं. आत थोडी वीज उरलेली असली तर निघून जाते, म्हणाले. पंखा किंचित हलला आणि थांबला.

मी सहज म्हटलं की घरात आपण तिघंच आहोत, बटण कोण चालू करणार.

बाबांच्या डाव्या हाताचं एक बोट पेरापासून तुटलेलं होतं. लहानपणापासून मी ते तसंच बघत आलेली. खाणीत काम करणाऱ्याचं बोट तुटलेलं असायचंच, असं मी मनाशी धरून चालले होते, कधी विचारलंही नव्हतं. त्या दिवशी त्यांनी आपण होऊन सांगितलं. ते खाणीत तुटलं नव्हतं. नोकरी लागायच्या आधी, गावच्या विहिरीवरची मोटर अडकली म्हणून ते पट्ट्यात हात घालून बसले होते. बटण बंद होतं. त्यांचे मोठे भाऊ शेतातून आले, मोटर बंद दिसली, त्यांनी चालू केली.

“भावाची चूक नोती,” बाबा म्हणाले. “मीच त्याले सांगतलं नोतं. तो मरेपर्यंत माह्या हाताकडे पाहे नाई.”

आई दारात उभी होती. तिला अर्थात माहीत होतं. पुढे खाणीत तीस वर्षं बाबा पंपाला हात लावायच्या आधी त्याचा फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकायचे. धुवायला टाकलेल्या शर्टात आईला तो कितीदा तरी सापडलेला. मी स्क्रू काढायला लागले. त्यानंतर बाबांनी जे जे सांगितलं ते मी वाद न घालता केलं.

कॅबिनेटचं दार निघालं. बाबांना आतलं दिसत नव्हतं, वाकताही येत नव्हतं, म्हणून त्यांनी मला काय दिसतंय ते बोलत राहायला सांगितलं. मी बोलत राहिले. पाणी कुठपर्यंत आहे, नळीत बुडबुडा कुठे आहे, साय कुठे जास्त आहे. मदरबोर्डवर मी कोरडं लुगडं अंथरलं, ठोकळ्याभोवती टॉवेल गुंडाळला. टब खाली जमिनीवर ठेवला, कारण पाणी आपोआप उतरायला टब सगळ्यांत खाली हवा. बरणीचं झाकण उघडलं, म्हणजे हवा आत जाईल. मग परत येणारी नळी बरणीतून काढून मी टबात सोडली.

काहीच झालं नाही. मी तसं सांगितलं. बाबांनी नळीचं टोक अजून खाली धरायला सांगितलं, आणि तोंडानं ओढायचं नाही, हे दोनदा सांगितलं. कूलंट गोड लागतं पण विष आहे. मी टोक टबाच्या तळाशी नेलं तसा एक मोठा बुडबुडा सरकला आणि पाणी यायला लागलं. आधी हिरवट, मग ताकासारखं. खोलीत तेवढाच आवाज होता. बाबा मान न हलवता ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर, खरं सांगते, आठ दिवसांत पहिल्यांदा समाधान दिसलं.

धार थांबल्यावर त्यांनी बरणीतून पंप काढायला लावला, मग कॅबिनेट हळूच मागे कलवायला, मग डावीकडे, मग पुढे. प्रत्येक वेळी घोटभर पाणी निघालं. मला वाटलं संपलं. बाबा म्हणाले की जाळीत अजून आहे, जाळी शेवटपर्यंत पाणी धरून ठेवते. जाळी मी सोडवून बाहेर काढली, टबावर उलटी धरली, आणि तिच्यातून वाटीभर निघालं, सोबत पांढऱ्या गोळ्या.

आता राहिला ठोकळा. त्याच्या दोन नळ्या काढायच्या होत्या. पहिली फडक्यात धरून पिळली तशी सुटली. दुसरी हलेना. तीन वर्षांच्या उष्णतेनं ती कडक होऊन तोटीला घट्ट बसली होती. बाबा सांगत होते की थांब, गरम पाण्यात फडकं भिजवून पिळून त्यावर धर, ती मऊ होईल. पण माझ्या हातात ती किंचित हललेली होती, आणि मला वाटलं एक झटका दिला की झालं. मी झटका दिला. नळी सुटली, माझा हात टेबलावर आपटला, आणि नळीत राहिलेलं पाणी लुगड्याच्या कडेवरून सरळ मदरबोर्डवर गेलं. रॅमच्या खाचांपाशी.

मी बोलायची थांबले.

बाबांनी दोन क्षण वाट पाहिली. “सांडलं?”

“हौ,” मी म्हटलं.

“किती?”

“दोन चमचे असन.”

मला वाटलं ते रागावतील. नळीबद्दल सांगत असतानाच मी ओढली होती, हे त्यांना ऐकू आलेलं होतं. पण त्यांनी फक्त मांडीवरच्या वायरी थोड्या उचलून मला दाखवल्या. “वीज इथं आहे,” म्हणाले, “तिथं नुसतं पाणी आहे. पाणी वाळते. पुसू नोको, टिपून घे.”

मी सुती फडक्याचं टोक पीळ घालून बारीक केलं आणि थेंब टिपत गेले. रॅमच्या पट्ट्या काढल्या, खाचांत फडक्याचं टोक घातलं. आईनं बाबांच्या औषधांमधली स्पिरिटची बाटली आणली. कूलंट चिकट असतं, नुसतं वाळलं तर डाग धरून बसेल, म्हणून बोर्ड पूर्ण खोलून तेवढी जागा स्पिरिटनं पुसायची, असं ठरलं.

त्याआधी ठोकळा काढायचा होता. आता मी घाई केली नाही. बाबांनी सांगितलं, चारही स्क्रू एकदम काढू नको, एक थोडा ढिला कर, मग त्याच्या समोरचा, असं आळीपाळीनं, नाहीतर एका बाजूनं दाबून चिप फुटेल. स्क्रू निघाल्यावर सरळ वर ओढायचं नाही, चिपही चिकटून उपटून येईल, ठोकळा हलकेच उजवीकडे-डावीकडे फिरवायचा. मी फिरवला. तो पेस्टवर सरकला आणि सुटून हातात आला. प्रोसेसर जागच्या जागी होता. मी हे बोलून दाखवल्यावर बाबांनी खुर्चीच्या पाठीला टेकून श्वास सोडला. तोपर्यंत ते टेकलेच नव्हते.

ॲक्रिलिकचं झाकण काढून मी तांब्याच्या खाचा पाहिल्या. निम्म्या पांढऱ्या लगद्यानं भरलेल्या. बाबांनी हात पुढे केला, थोडा लगदा बोटांत घेऊन चोळला. मग त्यांनी विचारलं की हे सगळ्यांत जास्त कुठे आहे, ठोकळ्यात की जाळीत? मी म्हटलं, जाळीत. जाळीला तोटीजवळ खड्डे पडलेत.

त्यांनी जाळी मागून घेतली आणि खड्ड्यांवरून बोट फिरवलं.

“जाळी ॲल्युमिनियमची,” मग म्हणाले, “अन ठोकळा तांब्याचा. दोन धातू एका पाण्यात. खाणीत मी पोट्ट्यांले शिकवत जाओ का असं करू नोका, एक दुसऱ्याले खाते. अन घरी मीच केलं.”

बाबा चुकले असं मी त्यांच्याच तोंडून त्या सकाळपर्यंत कधी ऐकलं नव्हतं. त्यात दुःख नव्हतं. एखादं गणित का येत नव्हतं ते कळल्यावर माणूस बोलतो तसे ते बोलले. पण मला ते ऐकायला कसंतरी वाटलं, आणि मी म्हटलं की तीन उन्हाळे तर चाललं ना.

एवढ्यात आईनं टब उचलला. अंगणातल्या पेरूच्या झाडाला ओतते म्हणाली. बाबांनी तिला थांबवलं. शेजाऱ्यांच्या कोंबड्या दिवसभर त्या झाडाखाली असायच्या, गल्लीतली कुत्रीही यायची, आणि ते गोड पाणी कुणी प्यालं असतं तर मेलं असतं. नालीतही टाकायचं नाही, कॅनमध्ये भरून झाकण लावायचं, मी गॅरेजवाल्याला देईन, असं त्यांनी सांगितलं. आईनं टब खाली ठेवला, पण तिचा चेहरा उतरला.

“इतकं विष होतं तर सांगाचं नाई?” ती म्हणाली. “मी तर त्याच्यात हात घालत होतो.”

काहून म्हणून बाबांनी विचारलं. मग ते बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी बाबा आणि मी एका लग्नाला हट्टा गावाला गेलो होतो. घरी आई एकटीच. तिला बरणीतलं पाणी कमी दिसलं. बॅटरीच्या पाण्याची बाटली रिकामी होती. पंप उघडा पडला तर जळतो, हे तिनं बाबांच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं. म्हणून तिनं हातपंपाचं पाणी आणलं, फडक्यानं गाळलं आणि बरणीत ओतलं. मशीन चालूच राहिलं. मग पुढे कधी पाणी कमी दिसलं की ती तसंच भरत गेली. उन्हाळ्यात आठ-पंधरा दिवसांनी. मी बॅटरीचं पाणी घालते असं बाबांना वाटायचं, बाबा घालतात असं मला वाटायचं, आणि आमच्या हातपंपाचं पाणी इतकं जड की चहाच्या पातेल्याला दर महिन्याला पांढरा थर यायचा.

बाबा हसायला लागले. डॉक्टरांनी जोरात हसायलाही मना केलं होतं, डोळ्यावर ताण येतो म्हणून, त्यामुळे ते तोंड मिटून, खांदे हलवत हसत होते. आई आधी रागावली, मग तीही हसली. मी जमिनीवर बसले होते, मांडीवर मदरबोर्ड, हातात स्पिरिटचं फडकं. त्या घरात आम्ही तिघं इतकं एकत्र हसल्याचं मला दुसरं काही आठवत नाही.

ठोकळ्यातला पांढरा थर कुणाचा, तांब्या-ॲल्युमिनियमचा की हातपंपाचा, यावर त्यांचा नंतर बरेच दिवस वाद चालला. बाबा म्हणायचे चूक माझी, आई म्हणायची माझी, आणि दोघंही मागे हटायला तयार नसत.

मदरबोर्ड मी दोन दिवस वाळवला. उन्हात थेट नाही, खिडकीशी, सावलीत, उभा टेकवून. वाळलं असं वाटलं तरी पाणी लपून बसतं, बाबा म्हणायचे, आणि मी सकाळी विचारलं की संध्याकाळी म्हणायचे, संध्याकाळी विचारलं की उद्या. मंगळवारी मी शाळेत जाऊन हेडमास्तरांना सांगितलं की पेपर एक दिवस उशिरा मिळतील. कारण विचारल्यावर मी म्हटलं कॉम्प्युटर ओला झालाय. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बाहेर स्वच्छ ऊन होतं, पण एक दिवस दिला.

बुधवारी सकाळी प्रोसेसरवर पूर्वीचा, साधा पंखा बसवला. हिवाळ्यात तो पुरेसा होता. नवी पेस्ट लावली, तांदळाच्या दाण्याएवढी. सगळ्या वायरी जोडून झाल्यावर मी बाबांपुढे हात केला आणि त्यांनी मला प्लग दिला. बटण दाबलं. दोन सेकंद काही झालं नाही. मग ती एक बारीक शिटी वाजली जी सगळं ठीक असलं की वाजते, आणि पडद्यावर अक्षरं यायला लागली. बाबांना ती दिसत नव्हती. मी एकेक ओळ वाचून दाखवली, ज्यातलं निम्मं मलाही कळत नव्हतं. पेपर जागेवर होते. उरलेले निम्मे पूर्ण करून गुरुवारी दुपारी मी ते शाळेत देऊन आले.

महिनाभरानं बाबांना वाकायची परवानगी मिळाली, तसे ते पहिल्यांदा फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडे गेले आणि तांब्याच्या नळीचं वेटोळं घेऊन आले. मार्चपर्यंत पाण्याचं दुसरं मशीन तयार झालं, सगळं तांब्याचं. या वेळी बरणी जोडली मी, स्क्रू मी फिरवले, आणि बाबा शेजारी उभे राहून मला नको तितकं सांगत राहिले. बॅटरीच्या पाण्याच्या चार बाटल्या आईच्या ताब्यात दिल्या गेल्या. ते मशीन पुढे पाच उन्हाळे चाललं. दर हिवाळ्यात मी त्याचं पाणी काढायचे, एका सकाळचं काम.

गावात ही गोष्ट पसरलीच. लोक आपले बिघडलेले कॉम्प्युटर माझ्याकडे आणायला लागले, आणि मला कळायच्या आत टायपिंगपेक्षा दुरुस्तीचं काम जास्त झालं. एकदा मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीच्या कॉलनीतून निरोप आला. तिथल्या एका इंजिनियरनं हौसेनं बाहेरून सामान मागवून असंच पाण्याचं मशीन जोडलं होतं, ते गळायला लागलं होतं आणि खोलायची त्याची हिंमत होत नव्हती. मी जायचं ठरवलं. बाबा म्हणाले मी पण येतो. तोवर त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालेलं होतं.

सकाळची बस होती. पिशवीत स्क्रूड्रायव्हर, फडकी, स्पिरिट आणि आईनं दिलेला डबा. बाबा खिडकीशी बसले आणि गाव मागे पडल्यापासून रस्त्याच्या कडेची प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत निघाले. गावांची नावं, किलोमीटर, खतांच्या जाहिराती, पुलांवरच्या सूचना. पुढच्या सीटवरची बाई एकदा वळून बघायला लागली. मी तिला काही सांगितलं नाही, आणि बाबांनाही थांबवलं नाही.